वेर्ण्याचं शटडाऊन, चवथीचा आठवडा

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

पहाटे साडेचारला चिंचवड सोडलं. शेजारच्या सीटवर आमचा ज्युनियर, मागच्या सीटवर तीन पेट्या, तिन्हींना सीट बेल्ट. एका पेटीत ड्राय ब्लॉक, म्हणजे थर्मामीटर तपासायचा तापणारा ठोकळा, दुसरीत प्रेशर कॅलिब्रेटर, हँड पंप आणि नळ्या, आणि तिसरी सगळ्यात लहान पण सगळ्यात जपायची, तिच्यात वजनांचा संच आणि फोमच्या वेगळ्या खाचेत मास्टर आरटीडी प्रोब, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे थर्मामीटर जुळवून बघतो तो. गोव्यात वेर्ण्याला आमचाच दुसरा प्लांट आहे, तिथं चवथीला लाईन बंद असते त्यात वर्षाचं शटडाऊन उरकून घेतात, आणि यंदा नेमके त्यांचे मास्टर रिकॅलिब्रेशनला बाहेरच्या लॅबमध्ये अडकले, मग फोन आला की तुमचा संच घेऊन या आणि येताना तुम्हीच या.

गणपतीत घर सोडायचं म्हणजे जिवावर येतं. मुलगी दोन दिवस नीट बोलली नाही. पण कॅलिब्रेशनची ड्यू डेट उलटली की ते इन्स्ट्रुमेंट वापरताच येत नाही आणि इन्स्ट्रुमेंट नाही म्हणजे लाईन नाही, त्यामुळे जाणं भाग होतं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी फार्मा कंपनीत सीनियर कॅलिब्रेशन टेक्निशियन आहे, २००८ पासून हेच करतोय. गोळी बनो नाहीतर इंजेक्शन, मशीनवर जेवढे काटे फिरतात, जेवढे आकडे दिसतात ते खरं बोलतायत का हे बघायचं. आपल्याकडचा मास्टर त्याच्या शेजारी धरायचा आणि दोघांची उत्तरं जुळवायची. पण मग मास्टर खरा कशावरून? तर त्याचं सर्टिफिकेट त्याच्याहून चांगल्या मास्टरवरनं आलेलं असतं, त्याचं आणखी वरनं, आणि आपल्या देशात ही साखळी जाते दिल्लीच्या एनपीएलपर्यंत, म्हणजे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत. किलोग्रॅमचा भारताचा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा, ५७ नंबरचा, तिथंच आहे. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावर नाही, प्लँकच्या स्थिरांकावर आहे, पण आमच्यासाठी साखळी तीच. मागच्या सीटवरच्या त्या लहान पेटीला मी जपतो ते म्हणूनच.

सातारा, कराड, कोल्हापूर, मग आजरा आणि आंबोली. हायवेच्या कामामुळे डायव्हर्जन इतकी की कोल्हापुरात पोचायलाच साडेदहा वाजले. प्रत्येक खड्ड्याला मी आरशातून पेट्यांकडे बघत होतो. प्रोबच्या आत प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार असते, तिला धक्के बसले की तिचा रेझिस्टन्स सरकू शकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

ज्युनियरला मी एक काम दिलं होतं. आमच्या प्रेशर कॅलिब्रेटरला बॅरोमीटर मॉड्यूल आहे, ते मांडीवर घे आणि थांबू तिथं हवेचा दाब लिही म्हटलं. चिंचवडला ९४२ हेक्टोपास्कल, कोल्हापुरात ९४३, आंबोलीत चहाच्या टपरीवर ९२९. बाहेर धो धो पाऊस, पाच फुटांवरचं दिसेना, भजी गरम. घाट उतरून बांद्याला आलो तेव्हा १००३. पोरगा वहीकडे बघतच राहिला. पुस्तकात वाचलेलं असतं की उंचीवर दाब कमी, पण दोन तासांत आपल्याच हाताने लिहिलेल्या आकड्यांत सत्तरचा फरक पडलेला बघणं वेगळं. हा कागद जपून ठेव, शुक्रवारी लागेल एवढंच सांगितलं.

पत्रादेवीहून पेडणे, म्हापसा, पणजी, नवीन झुआरी पूल, कुठ्ठाळी आणि वर वेर्ण्याचं पठार. साडेचारला गेटवर. सिक्युरिटीने तिन्ही पेट्या उघडून एकेक सिरियल नंबर रिटर्नेबल गेटपासवर लिहिला, पाऊण तास गेला, पण त्याचं काम त्याने चोख केलं.

रविवार, २४ ऑगस्ट

आज काम नाही, म्हणजे कागदावर नाही. मास्टर नव्या जागेत आले की त्यांना तिथल्या तापमानाला स्थिरावू द्यायचं असतं, म्हणून काल रात्रीच पेट्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये उघडून ठेवल्या होत्या. दुपारी फक्त बर्फाची टेस्ट घेतली.

ही टेस्ट मला फार आवडते म्हणून जरा थांबून सांगतो. शुद्ध पाण्याचा बर्फ घ्यायचा, प्लांटमध्ये प्युरिफाइड वॉटर असतंच, त्याचाच आदल्या रात्री लावलेला. तो किसून अगदी बारीक करायचा, साखरेसारखा. थर्मासमध्ये दाबून भरायचा, वरून थोडंसं गार शुद्ध पाणी, इतकंच की बर्फ पांढरा न दिसता काचेसारखा करडा दिसायला लागेल. बर्फ पाण्यावर तरंगला तर पाणी जास्त झालं, ते काढून टाकायचं. मग मधोमध प्रोब खोल घालायचा आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. बर्फ आणि पाणी एकत्र नांदतात ते शून्य अंशाला, पुण्यात असो की गोव्यात, हा हजार रुपयांचा की लाखाचा थर्मामीटर हे त्याला ठाऊक नसतं.

शुक्रवारी निघायच्या आधी पुण्यात रीडिंग होतं ०.०१२. आज ०.०१४. आमची मर्यादा ०.०२ आहे. म्हणजे रस्त्याने प्रोबला काही केलं नव्हतं. मी खरंच सुटकेचा श्वास टाकला.

सोमवार, २५ ऑगस्ट

दिवसभर डिफरन्शियल प्रेशर गेज. क्लीन रूममध्ये जास्त स्वच्छ खोलीत हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते, धूळ आत येत नाही. स्वच्छतेच्या दोन ग्रेडच्या मध्ये किमान १० पास्कल. हे १० पास्कल म्हणजे किती, तर एक मिलिमीटर पाण्याचा जेमतेम दाब. इतक्या नाजूक फरकावर सगळ्या खोलीची शुद्धता उभी असते.

एएचयू, म्हणजे खोल्यांत हवा सोडणारं यंत्र, बंद, म्हणजे सगळे गेज शून्यावर हवेत. ४६ पैकी सात शून्यावर नव्हते. तीन गेज भिंतीवर जरा तिरके बसवलेले, हे गेज उभ्यातच बरोबर चालतं, तिरकं झालं की डायफ्रामचं वजन मध्ये येतं. दोघांच्या नळीत पाण्याचे थेंब. गोव्याचा ऑगस्ट! पुण्यात आम्हाला नळीत पाणी क्वचित दिसतं. उरलेल्या दोघांचा शून्य नुसताच सरकलेला. सातही जणांचं अ‍ॅज फाउंड आधी लिहिलं, मग नळ्या फुंकून, गेज सरळ करून, शून्य लावून अ‍ॅज लेफ्ट घेतलं.

अ‍ॅज फाउंड म्हणजे हात लावायच्या आधी जसं सापडलं तसं आणि अ‍ॅज लेफ्ट म्हणजे दुरुस्तीनंतर सोडलं तसं. ज्युनियरने दुसऱ्याच गेजला सवयीने आधी स्क्रू फिरवायला हात नेला. मी मनगट धरलं त्याचं. ओरडलो नाही, पण धरलं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

हरतालिका. सकाळी घरी फोन, बायकोचा उपास, मूर्ती आणलेली, मुलगी अजून रागात पण मखराचा फोटो पाठवला तिने.

आज काटे. म्हणजे बॅलन्स. सहा होते, पटापट झाले, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून फरक, एकच वजन दहादा ठेवून रिपीटेबिलिटी, सगळे पास. वजनाला बोट लावायचं नाही, चिमटा आणि हातमोजे, बोटाचं तेल लागलं की मिलिग्रॅमच्या खालचा आकडा हलतो.

ज्युनियरने चांगला प्रश्न विचारला, की सर आपण वजनं एवढी चारशे किलोमीटर वागवत आणली त्यापेक्षा आपला भरवशाचा काटाच का नाही आणला? त्याला म्हटलं, वजन कुठंही नेलं तरी त्याचं वस्तुमान तेवढंच, पण काटा मोजतो ती जमिनीची ओढ आणि ती जागेजागेला वेगळी. पठारावरून समुद्राजवळ उतरलास की ओढ थोडी वाढते, विषुववृत्ताकडे सरकलास की थोडी घटते. पुण्याहून गोव्याला येताना दोन्ही होतं आणि बरंचसं एकमेकांना खाऊन टाकतं, पण पूर्ण नाही, आणि चार दशांशाच्या काट्याला तेवढंही पुरतं. म्हणून काटा हलवला की त्याच जागी पुन्हा कॅलिब्रेट करायचा, आणि प्रवास करायचा तो वजनांनी.

संध्याकाळी आरएच सेन्सर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारे, लावले. बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला येऊन थांबते, मॅग्नेशियम क्लोराईडचं ठेवलं तर ३३ ला. रात्रभर बसू दिले.

बुधवार, २७ ऑगस्ट

चवथ. प्लांट पूर्ण बंद. इथल्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एक काका आहेत, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय, त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की गेस्ट हाऊसवर बसायचं नाही, घरी यायचं. फोंड्याच्या बाजूला त्यांचं गाव, भाताच्या शेतांमधून वाट, पाऊस थांबून ऊन पडलेलं.

घरात शिरलो आणि आधी वर बघितलं. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, लाकडी चौकट छताला टांगलेली आणि तिला बांधलेलं काय काय: नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, चिबूड, निरफणस, काकड्या, आणि रानातली कितीतरी फळं जी मी जन्मात बघितली नव्हती. काका एकेक दाखवत होते, हे डोंगरावरनं आणलं, हे फक्त याच दिवसांत मिळतं. आपल्याकडे थर्माकोलचं मखर गेलं आणि कागदाचं आलं, इथं अख्खा पावसाळा देवाच्या डोक्यावर टांगलेला.

आरतीला घुमट. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, आणि तो आवाज छातीत वाजतो. सगळ्या वाड्यातली माणसं जमलेली, म्हणायला मराठीच आरत्या, पण चाल आणि ठेका वेगळा. माझ्या तोंडून सुखकर्ता दुखहर्ता आपोआप निघालं आणि त्यांच्या तालात बसेना, मग मी गप्प राहून नुसता ऐकत राहिलो. तेवढ्यात खिशात फोन वाजला, घरचा व्हिडिओ कॉल, तिकडेही आरती चाललेली. मुलीने तबक धरलं होतं. मी फोन काकांच्या गणपतीकडे फिरवला, तिने तिकडून हात जोडले आणि मग मला विचारलं, बाबा तुम्ही जेवलात का? राग गेला होता.

जेवायला केळीच्या पानावर खतखतं, त्यात तेफळाचा तो वास, मुगागाठी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नेवऱ्या. काकूंनी वाढताना हात आखडता घेतला नाही. निघताना मी म्हटलं, देव बरें करूं. काका हसले.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसलो तो हा.

ऑटोक्लेव्हचं काम होतं. फिलिंग मशीनचे पार्ट, फिल्टर, गाऊन यात वाफेने निर्जंतुक होतात, १२१ अंश, किमान १५ मिनिटं. चेंबरमधली सगळ्यात थंड जागा म्हणजे तळाचा ड्रेन, कारण हवा आणि थंड झालेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. म्हणून ड्रेनला जो आरटीडी असतो त्याच्यावरच वेळ मोजायला सुरुवात होते. ड्रेन १२१ ला आला की सगळं चेंबर आलं.

सेन्सर काढायच्या आधीच तिथले एक सीनियर म्हणाले, तो ड्रेनवाला नेहमीच थोडा कमी दाखवतो, सगळ्यांना माहीत आहे. ट्रान्समीटरला आधी ट्रिम मारा आणि मग रीडिंग घ्या. डेव्हिएशन उघडलं तर महिनाभर कागदच चालतील आणि सोमवारी मला लाईन चालू करायची आहे. (ट्रान्समीटर सेन्सरचा सिग्नल मीटरला पाठवतो, ट्रिम म्हणजे त्याचा आकडा ओढून बरोबर करणं, आणि डेव्हिएशन म्हणजे चूक सापडल्याची अधिकृत नोंद आणि चौकशी.)

माणूस वाईट नाही. त्यांच्यावर बॅचचं प्रेशर आहे ते मला दिसत होतं. पण मी म्हटलं, साहेब, ट्रिम लागली तर मीच करीन, पण आत्ता तो जे बोलतोय ते आधी लिहीन.

ड्राय ब्लॉकमध्ये मास्टर आणि त्यांचा आरटीडी शेजारी शेजारी घातले. ९० ला तो ०.७ कमी. १२१ ला ०.८ कमी. टॉलरन्स अर्ध्या अंशाचा. म्हणजे फेल. वहीत निळ्या शाईने लिहिलं, वेळ टाकली, सही केली, ज्युनियरची साक्षीदार म्हणून सही घेतली. त्यानंतरच सेन्सरच्या हेडचं, म्हणजे तारा जोडतात त्या डबीचं, झाकण उघडलं.

आतलं बघून काकांनी जीभ चावली. झाकणाचं गॅस्केट कडक होऊन तडकलेलं, टर्मिनल ब्लॉकवर ओल आणि हिरवट थर. पीटी-१०० चं, म्हणजे या जातीच्या आरटीडीचं, साधं गणित आहे, शून्याला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५१. तापेल तसा रेझिस्टन्स वाढतो. टर्मिनलमध्ये ओल आली की करंटला बाजूने एक चोरवाट मिळते, एकूण रेझिस्टन्स कमी भासतो, आणि मीटर तापमान कमी दाखवतो. ट्रान्समीटर सोडवून इन्सुलेशन मोजलं. नव्या सेन्सरला १०० मेगाओहमच्या वर असायला हवं, इथं शंभर किलोओहमही नाही. ट्रिम मारली असती तर आज बरोबर दिसलं असतं, आणि उन्हाळ्यात ती ओल सुकली की हाच सेन्सर ०.८ जास्त दाखवायला लागला असता. म्हणजे स्क्रीनवर १२१ आणि ड्रेनला १२०.२. विचार करा.

नवीन सेन्सर, नवं गॅस्केट, अ‍ॅज लेफ्ट ०.१. डेव्हिएशन उघडलं गेलं. क्यूएच्या, म्हणजे क्वालिटी विभागाच्या, मॅडम आल्या, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फेब्रुवारीतल्या आधीच्या कॅलिब्रेशनपासून आजपर्यंतचे सगळे लोड तपासायचे. मी त्यांना एवढंच सांगितलं की दिशा सुरक्षित आहे, मीटर कमी दाखवत होता म्हणजे प्रत्यक्षात माल ०.८ जास्त तापत होता, जंतू मरायच्या हिशोबात १५ मिनिटांचं साधारण १८ मिनिटांइतकं काम झालंय. फिल्टर आणि रबरावर जास्तीच्या उष्णतेचा काय परिणाम ते त्यांनी बघायचं. पण हे सगळं म्हणता आलं ते अ‍ॅज फाउंड कागदावर होतं म्हणूनच.

रात्री गेस्ट हाऊसवर ज्युनियरने विचारलं, सर, तसंही माल सुरक्षितच निघाला, मग एवढं का ताणलं? मी त्याला डेव्हनपोर्टची गोष्ट सांगितली. इंग्लंडात प्लिमथमधलं हॉस्पिटल, मार्च १९७२. शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्या दूषित निघाल्या, ऑपरेशन झालेले पेशंट दगावले. त्या बाटल्या एप्रिल १९७१ मध्ये ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या होत्या. चौकशी समितीला काय सापडलं? तळाशी हवा आणि पाणी अडकून राहिलं होतं, खालच्या बाटल्या तापल्याच नव्हत्या. आणि ड्रेनच्या रेकॉर्डरने ते दाखवलं होतं! चार्टवर तापमान चढलंच नव्हतं. पण तो रेकॉर्डर सारखा बिघडायचा, म्हणून बघणाऱ्यांनी धरून चाललं की आजही तोच बिघडलाय, बाकीचे काटे ठीक आहेत ना, मग झालं.

तो नेहमीच कमी दाखवतो. सकाळचं वाक्य ज्युनियरला आठवलं असावं, कारण तो बराच वेळ काही बोलला नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

सकाळी रिकाम्या चेंबरची ट्रायल सायकल, नव्या सेन्सरसोबत मास्टर प्रोब आत. दोघं हातात हात घालून चढले. १२१ ला पोचल्यावर ज्युनियर प्रेशर गेजकडे बोट करून म्हणाला, सर हे चुकतंय, आपल्याकडे १२१ ला १.११ बार असतं, इथं १.०५ च आहे.

मी म्हटलं, शनिवारचा कागद काढ.

वाफेचं तापमान ठरतं एकूण दाबावर, म्हणजे गेजचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा दाब. १२१ ला एकूण २.०५ बार लागतो, कुठंही. वेर्ण्यात हवाच एक बार (म्हणजे हजार हेक्टोपास्कल) देते, गेजला १.०५ पुरतं. पुण्यात हवा ०.९४ देते, म्हणून गेजला १.११ पर्यंत जावं लागतं. त्याने आंबोलीच्या ९२९ वरून स्वतःच गणित मांडलं आणि म्हणाला, तिथं ऑटोक्लेव्ह असता तर १.१२. बरोबर. १७ वर्षांत मला शिकवताना इतका आनंद फार कमी वेळा झालाय.

बाकी दिवस कागद. सर्टिफिकेट, स्टिकर, ड्यू डेट, सह्या. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, निघाल्यापासून छोट्या कंपन्यांतले मित्रही विचारायला लागलेत की अ‍ॅज फाउंडचा कॉलम ठेवायचा का. ठेवा रे बाबांनो, आणि भरा पण. रात्री नऊला शेवटची सही झाली. कालचे ते सीनियर गेटपर्यंत आले, हात मिळवला, म्हणाले की उरलेल्या सगळ्या आरटीडींची झाकणं सोमवारच्या आत उघडून बघायला सांगितली आहेत.

शनिवार, ३० ऑगस्ट

सिक्युरिटीने पुन्हा सगळे सिरियल नंबर टॅली केले. काकांनी नेवऱ्यांचा डबा दिला, तो पेट्यांच्या शेजारी ठेवला. आंबोलीत धुकं, ज्युनियरने न सांगता बॅरोमीटर काढला, ९३०. कोल्हापूरपासून ट्रॅफिक, गौरींसाठी गावाला चाललेली माणसं.

संध्याकाळी सहाला लॅबमध्ये. बर्फ मी जायच्या आधीच फ्रीजरला लावून गेलो होतो. किसला ज्युनियरने, थर्मास भरला त्यानेच, जास्तीचं पाणीही न सांगता काढलं. वीस मिनिटं आम्ही दोघं नुसते बसून होतो, नेवऱ्या खात.

०.०१३. वहीत लिहिलं, सह्या केल्या, पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि घरी निघालो. उद्या गौरी यायच्या होत्या.